घोळ वाळता वाळेना, आणि त्याचं उत्तर एका ओळीत निघालं

मंडळी, चौदाव्या दिवशी सकाळी जाळीवर वाळत घातलेला घोळ (ती आंबट-खारट रानभाजी) फुलला.

वाळला नाही, फुलला. देठ मुळापासून तोडलेले, दोन आठवडे पाण्याचा थेंब नाही, खाली ना माती ना कुंडी, आणि नऊच्या सुमाराला शेंड्यांवर तीन पिवळी फुलं. दुपारपर्यंत ती नेमाने मिटलीसुद्धा. आई जाताजाता म्हणाली, "ही भाजी आहे की पाहुणा? निघायचं नावच घेत नाही."

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की वाळवायच्या पाल्यांपैकी आंबुटी झाली, केना झाला, आता घोळ उरकला की हंगाम आटोपला. ते वाक्य मी सपशेल मागे घेतो. केना दोन दिवसांत कुरकुरीत झाला होता, त्यामुळे मला उगीच माज आला होता. (केना उपटताना मातीखालची ती पांढुरकी, कधीच न उघडणारी फुलं यंदा पहिल्यांदा नीट पाहता आली. त्यावर पुन्हा कधीतरी.)

वाळवायचाच अट्टहास कशाला, असं काहींनी विचारलं होतं. कारण मला तो मुरवून तेल करायचं असतं. गेल्या वेळी मी ताजा घोळ ठेचून तेलात घातला होता. आठवड्याभरात बाटलीच्या तळाशी गढूळ थर आणि झाकण उघडलं की नाक मुरडावं असा वास. ताज्या वनस्पतीतलं पाणी तेलाखाली अडकतं, तिथे हवा पोचत नाही, आणि बोटुलिझमच्या (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना नेमकं तेच हवं असतं. तेव्हा तेलात जाणारी प्रत्येक गोष्ट कडकडीत वाळलेली, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. घोळाने त्या नियमाचीच परीक्षा घेतली.

आता आकडे. पहिल्या दिवशी जाळीवर 500 ग्रॅम. सावली, पंखा, रोज एकदा उलथापालथ. पाचव्या दिवशी 430. चौदाव्या दिवशी 345. घोळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणजे मला चाळीसेक ग्रॅमपर्यंत उतरायचं होतं. या गतीने हंगाम उलटला असता. शिवाय वजन घटत होतं ते कुठून, हे पाहिल्यावर आणखी चरफडलो. खालची जुनी पानं पिवळी पडून गळत होती आणि शेंडे मात्र तसेच टरटरीत. झाड हिशेबाने जगत होतं. म्हातारी पानं सोडून द्यायची आणि असेल नसेल तो ओलावा कळ्यांसाठी राखायचा.

जाळीखालच्या कागदावर काळी बारीक पूड दिसली तेव्हा मी कीड समजून अर्धी जाळी झटकली. भिंगातून पाहिलं तर बिया! घोळाचं फळ म्हणजे इवलीशी डबी. मधोमध आडवी चीर जाते आणि वरची टोपी अलगद निघून पडते. टोप्याही कागदावर होत्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. म्हणजे उपटल्यानंतर फूल, फळ, बी, सगळा संसार माझ्या जाळीवर थाटला गेला होता. तण काढून बांधावर टाकलं तरी घोळ पुन्हा का उगवतो, हे पाठ होतं. डोळ्यांनी पाहिलं ते आता.

मग मी यंत्राकडे वळलो. माझा डिहायड्रेटर खालून पंखा मारणारा आहे, आणि माझं मत आता पक्कं झालंय की हा प्रकार घेऊ नये. खालचा ट्रे करपतो, वरचा ट्रे घामाघूम. मागून वारा देणारा घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. असो. 40 अंशांवर तीस तास ठेवला: पानं मरगळली, देठ जिवंत. 60 वर नेला: पानं काळपट होऊन चुरली, देठांची साल चामड्यासारखी झाली आणि नखाने दाबलं की आतून पाणी. वरून कडक, आतून ओलं, हा वाळवणातला सगळ्यात फसवा प्रकार. बरणीत भरला असता तर पंधरवड्यात बुरशी.

देठ इंच-इंच कापून पाहिले. कापलेल्या तोंडांवर चिकट बुळबुळीत रस आला, तो सुकला आणि बूच बसल्यासारखी तोंडं बंद. देठ उभे चिरले तेव्हा मात्र वाळले. पण मूठभर देठ चिरायला चाळीस मिनिटं! एवढा वेळ असता तर मी हा छंद कशाला केला असता, सरळ नोकरीच केली असती.

इथे मला थोडं थांबून विचार करायला हवा होता. घोळ साधा हिरवा पाला नाही. एरवी तो मक्यासारखी, म्हणजे सी-4 पद्धतीने, हवा घेतो. पाणी तुटलं की त्याच्या जोडीला निवडुंगाची पद्धत सुरू करतो. दिवसा पानांची रंध्रं बऱ्याच अंशी मिटलेली, कार्बन डायऑक्साइड रात्री घ्यायचा आणि मॅलिक आम्लाच्या रूपात सकाळपर्यंत साठवायचा. या दोन्ही पद्धती घोळात एकाच पानाच्या त्याच पेशींमध्ये चालतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं. म्हणजे मी दिवसभर पंखा लावून बंद दारावर वारा घालत बसलो होतो.

आणि उत्तर? ते माझ्या कपाटातच होतं. चिनी औषधकोशातल्या नोंदींचं टिपण मी भलत्याच कारणासाठी करून ठेवलं होतं. त्यात घोळ 'मा-ची-श्येन' या नावाने आहे. घोड्याच्या दातांसारखी पानं, म्हणून हे नाव. तयारीची कृती एका ओळीची: धुवावा, थोडा वाफवावा किंवा उकळत्या पाण्यातून काढावा, मग उन्हात वाळवावा. आधी मारायचा, मग वाळवायचा! तिकडे त्याचं एक बोलीतलं नाव 'दीर्घायुषी भाजी' असं आहे, आणि तेही मी स्वतःच्याच अक्षरात लिहून ठेवलेलं. वाचलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताजा 500 ग्रॅम. खळखळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच गार पाण्यात, मग हलक्या हाताने निथळून ट्रेवर. रंग एकदम गर्द झाला आणि देठांचा तो रबरी ताठपणा गेला. इतका आज्ञाधारक घोळ मी पाहिलेला नव्हता. एक धडा मात्र मिळाला: बुळबुळीमुळे तो ट्रेला असा चिकटतो की खरवडून काढावा लागतो. कागद तर मुळीच घालू नका, कागद आणि घोळ एकजीव होतात. सिलिकॉनची बारीक जाळी घातली की सुटतो. 55 अंशांवर नऊ तास. एक जाडसर देठ उचलून वाकवला.

कट्!

तो आवाज ऐकायला मी तीन आठवडे थांबलो होतो. आणखी पाचसहा देठ विनाकारण मोडले. वजन भरलं 33 ग्रॅम. काचेच्या बरणीत दोन दिवस बंद करून ठेवला, रोज हलवला, काचेवर वाफ धरली नाही. पास.

मग चव घेतली, आणि उत्साह निम्मा झाला. गवत. घोळाची ती चटकदार आंबट-खारट चव गायब. ती सगळी उकळत्या पाण्यात उतरली होती. पाणी चाखलं तर चांगलंच आंबूस. ते ओतून दिलं, कारण आम्लाबरोबर पाण्यात विरघळणारं ऑक्झलेटही (मूतखड्याला कारण होणारा क्षार) त्यातच आलेलं असतं. घोळात ऑक्झलेट पालकाच्या तोडीचं असतं, तेव्हा मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी या भाजीच्या नादी लागू नये, आणि लागायचंच असेल तर उकळून पाणी टाकलेलीच खावी. तेलासाठी हा 33 ग्रॅमचा घाणा उत्तम आहे. पण मला आंबट पूडही हवी होती. मागे एका विक्रेत्याकडून तयार पूड मागवली होती, ती हिरव्या टाल्कम पावडरीसारखी निघाली. आंबटपणाचा मागमूस नाही. तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या होत्या. आता वाटतं, त्यानेही माझ्यासारखाच उकळून काढला असावा.

इथपर्यंत लिहून चहा प्यायला उठलो आणि डोक्यात दुसरंच आलं. आम्ल रात्री साठतं, तर तोडणीची वेळ महत्त्वाची ठरणार. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1813 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं होतं की पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. नुसत्या जिभेवर लावलेला शोध. आपल्या पंथातलाच माणूस म्हणायचा.

तर पानफुटीचं ते घोळात चालतं का, हे माझ्या दोन कुंड्यांवर पाहिलं. एका कुंडीला रोज पाणी, दुसरीचं काही दिवस बंद. पाणी घातलेल्या झाडात सकाळ-संध्याकाळ मला फरक कळला नाही. तहानलेल्या झाडाचं पान सकाळी सहाला चावलं तर डोळा बारीक होतो आणि संध्याकाळी पाचला तेच झाड मवाळ. पीएच पट्टीवर (आकडा कमी तितकं आम्ल जास्त) सकाळी साधारण 4, संध्याकाळी 5. पट्ट्या स्वस्तातल्या आहेत, रंग जुळवताना जरा मनाचा कौल घ्यावा लागतो, तेव्हा आकड्यांपेक्षा जिभेवर भरवसा ठेवा.

म्हणून बेत बदलला. यापुढे दोन वेगळे घाणे. तेलासाठी कधीही तोडलेला, उकळून. आंबट पुडीसाठी तहानलेल्या झाडांचा, उजाडताच तोडलेला आणि लगेच वाफवलेला, म्हणजे आम्ल पाण्यात वाहून जाणार नाही. ऑक्झलेटही राहील, पण पूड चिमटीने वापरायची आहे, वाटीने नाही. वाफ किती मिनिटं द्यायची हे ठरवायचंय. तीनपासून सुरू करतो. दळताना कॉफीचं ग्राइंडर थांबत थांबत चालवायचं, नाहीतर पूड तापून भांड्याला धरते.

नव्याने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जुन्यांनी पुढे सरका. घोळाच्या जाळ्यात बेमालूम पसरलेली जमिनीसरपट नायटी (खायचं नाही असं, घोळासारखं दिसणारं तण) मला या खेपेला तीन ठिकाणी सापडली. पान पातळ, देठ दोऱ्यासारखा, आणि मोडला की पांढरा चीक. घोळ मोडला तर नितळ पाणी येतं. ही निवड धुण्याच्या आधी, प्रत्येक फांदी मोडून करायची. एकदा उकळलं, वाळलं की चीक दिसत नाही आणि मग चुऱ्यात कुणाला ओळखणार? एका फांदीची शंका राहिली म्हणून मी अख्खा ट्रे फेकलाय. चिवळ सापडली तर तिची वेगळी जुडी करतो. पेरांवरच्या पांढऱ्या केसांमुळे ती ओळखायला सोपी, पण तिच्यावर अजून हा प्रयोग केलेला नाही.

उद्या सहाची तोडणी आहे. पहिल्या खेपेचा एक देठ मी उकळला नव्हता, तुलनेसाठी रिकाम्या वाटीत ठेवला होता. आज सव्विसावा दिवस. पानं चारच उरलीत, पण आत्ता पाहिलं तर वाटीत टाचणीच्या डोक्याएवढी एक टोपी पडलेली आहे आणि शेजारच्या तुळशीच्या कुंडीत लालसर देठाचं काहीतरी उगवलंय.