पावसाळ्यात न उघडणारा खण

आधी बँकेतली नोकरी, मग महाविद्यालयात लेखाशास्त्राचे अध्यापन आणि आता घरबसल्या लोकांची प्राप्तिकर विवरणपत्रे, असे माझे व्यवसाय बदलत गेले. रविवारी सकाळी गॅलरीत रंधा चालवणे तेवढे सुटले नाही. हा रंधा मी जुन्या बाजारातून घेतला. त्याच्या मुठीवर पूर्वीच्या धन्याच्या हाताने पडलेला खोलगटपणा आहे आणि माझा अंगठा त्यात आजही नीट बसत नाही.

याच रंध्याने एका मे महिन्यात, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागवानाचे, मी लिहिण्याचे टेबल केले. सागवान हाताला तेलकट, मवाळ लागते. पण त्याच्या पोटातली सिलिका पटाशीची धार बघता बघता मारते, त्यामुळे माझा निम्मा वेळ दगडावर धार लावण्यातच गेला. टेबलाचा खण मात्र असा नेमका बसला, की ढकलताच आतली हवा फुस्सकन बाहेर पडे. दिवसभर पैशापैशाचा मेळ घालणाऱ्या माणसाला त्या आवाजाने केवढी धन्यता वाटावी! शेजारी कामाला आलेल्या मिस्त्रींनी तो एकदाच ओढून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, वर अर्धा सूत जागा सोडा. अजून पाऊस यायचाय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्याही निम्मी फट, पण मला ती ताळेबंदात जाणूनबुजून ठेवलेल्या चुकीसारखी वाटली.

जुलैत खण बसला तो बसलाच. दमट हवेत लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडव्या दिशेला फुगते. त्यामुळे दोन्ही बाजूंना काही बिघडले नव्हते, खण वर-खाली आवळला गेला होता. जुन्या दारांच्या चौकटींत मधल्या फळ्या खाचेत मोकळ्या का सोडलेल्या असतात, हे मला तेव्हा उमगले. त्यानंतर १८०७ सालच्या विश्रामबागवाड्यात पाहुण्यांना घेऊन गेलो, तेव्हा ते नक्षी पाहत होते आणि मी सांधे.

खण तासून घेणे दहा मिनिटांचे काम आहे, पण पावसाळ्यात तासला तर उन्हाळ्यात खुळखुळेल, आणि उन्हाळ्यात तो उत्तम चालतो म्हणून हात लावावासा वाटत नाही. शेवटी पत्नीने त्यात आकाशकंदिलाची वायर, पणत्या आणि रांगोळीचे छाप ठेवून दिले. ते लागतात तोवर खण उघडू लागलेला असतो.