रेकॉर्डच न काढलेला बँड

शनिवार, रात्री उशिरा

संध्याकाळपासून द स्क्रीमर्स ऐकतेय. घरच्यांनी दोनदा दार लावून घेतलं.

लॉस एंजेलिस, 1977. पंक (बंडखोर, कर्कश रॉक) म्हणजे गिटार असं सगळे धरून चाललेले असताना या चौघांनी गिटारही ठेवली नाही आणि बास गिटारही. टॉमी गिअरचा आर्प ओडिसी सिंथेसायझर, डेव्हिड ब्राउनचा फेंडर ऱ्होड्स पियानो (तोही डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करून, फाडून काढलेला), के. के. बॅरेटचे ड्रम आणि पुढे टोमाटा डू प्लेंटी, डोळे वटारून किंचाळणारा. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड ऐकत वाढलेल्या माझ्या कानांना तो गोडच लागायचा. हे वाद्य दातओठही खाऊ शकतं, हे यांनी ऐकवलं.

टोमाटा आणि गिअर आले सिएटलहून. तिथे त्यांचा टपरवेअर्स नावाचा बँड होता. टोमाटाचा पिंड मूळचा रंगभूमीचा, आणि ते दिसतंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या टार्गेट व्हिडिओनं 1978 मध्ये त्यांचं चित्रीकरण केलं, ते आज पुन्हा पाहिलं. तो गातो कमी. अंगात आल्यासारखा वळतो, आखडतो, मध्येच थांबून रोखून बघतो. ब्राउन तोवर बाहेर पडून डेंजरहाउस या रेकॉर्ड कंपनीच्या उभारणीत रमला होता, त्याच्या जागी पॉल रोसलर आला होता.

एकही रेकॉर्ड नसताना यांनी हॉलिवूडमधले मोठे क्लब भरवले. रेकॉर्ड काढायची नाही असं नव्हतं. साधी ध्वनिमुद्रिका त्यांना अपुरी वाटत होती. गाण्याबरोबर चेहराही पोचायला हवा, म्हणजे व्हिडिओच हवा. कल्पना अचूक होती, पण काळाच्या पुढे. मग डच दिग्दर्शक रेने डाल्डरबरोबर चित्रपटाचे बेत सुरू झाले आणि माझ्या मते बँड तिथेच विरघळायला लागला. चौघांनी एका खोलीत मिळून काढलेला आवाज सेट आणि कॅमेऱ्यांच्या हाती गेला की तो चौघांचा राहत नाही. 1981 मध्ये सगळं संपलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमटीव्ही, गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं चॅनेल, सुरू झालं! अशा वेळी हसावं की चिडावं? मी चिडले.

डाल्डरचा ‘पॉप्युलेशन: वन’ हा चित्रपट 1986 मध्ये आला. त्यात टोमाटा आहे, पण बँड नाही. पुढे टोमाटा चित्रं काढत राहिला आणि 2000 मध्ये गेला. बँडचे 1977 चे डेमो, म्हणजे कच्ची ध्वनिमुद्रणं, वर्षानुवर्षं चोरट्या कॅसेटींवरून फिरले आणि रीतसर बाहेर पडले ते थेट 2021 मध्ये. तेच आज लावलेत. खरखर आहे, पण ऱ्होड्सचा तो गुरगुरणारा सूर अंगावर येतोच.

बॅरेट पुढे चित्रपटांचा प्रॉडक्शन डिझायनर झाला. ‘हर’साठी त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. म्हणजे दृश्याची ओढ खरीच होती त्यांची. तरी वाटतं, 1978 मध्ये कुणीतरी त्यांना आठवडाभर एखाद्या स्टुडिओत कोंडून बाहेरून कडी घालायला हवी होती.