अकरा फटके मागे

९ जून २०२४, रविवार
हेलसिंगबोर्ग

रात्रीचे साडेदहा वाजले तरी आभाळ पुरतं काळं झालेलं नाही. पाय ठणकतायत. आज दिवसभर वासाटॉर्पच्या गोल्फ कोर्सवर चालले, आणि खरं सांगायचं तर चुकीच्या माणसामागे चालले.

स्कँडिनेव्हियन मिक्स्ड या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. स्वीडनचाच सेबास्टियन सोडरबर्ग काल संध्याकाळी आठ फटक्यांनी पुढे होता (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं), त्यामुळे सगळी गर्दी त्याच्या मागे, गर्दीत मी. लिन ग्रांट इथलीच, हेलसिंगबोर्गची, म्हणून खेळ सुरू होतो तिथे जाऊन तिला टाळ्या वाजवून आले. ती त्याच्या अकरा फटके मागे होती. अकरा! फॉलोऑन मिळालेल्या संघाला देतो तशा त्या टाळ्या.

दुपारी सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. मतदान केलंस का, हा पहिला प्रश्न, कारण आज इथे युरोपीय संसदेचं मतदान आहे हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. मला इथे कुठला मताचा हक्क! मग म्हणाली, "अगं, पण बायका आणि पुरुष एकत्र कसे गं खेळतात?" सांगितलं, ७८ पुरुष, ७८ बायका, चषक एकच, बक्षिसाची रक्कमही एकच. फक्त बायकांची टी, म्हणजे पहिला फटका जिथून मारायचा ती जागा, पुढे असते.

"मग सोपंच झालं की त्यांना."

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात हेच ऐकलं होतं, तेही बऱ्याच शिकल्यासवरल्या तोंडांतून. २०२२ साली ही स्पर्धा इथून थोडं वर, समुद्रकाठच्या हाल्मस्टाडला झाली. लिन तेव्हा २२ वर्षांची, व्यावसायिक होऊन वर्षही झालेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी ६४ फटके, एकूण पारपेक्षा, म्हणजे कोर्सला अपेक्षित धरलेल्या फटक्यांपेक्षा, २४ कमी, आणि विजय नऊ फटक्यांनी. युरोपच्या पुरुषांच्या टूरवरची, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धामालिकेतली, स्पर्धा त्याआधी कुठल्याच बाईने जिंकलेली नव्हती. टी पुढे असल्यानेच हे झालं म्हणावं, तर मग तिच्या पाठोपाठ बायकांचीच रांग लागायला हवी होती. दुसऱ्या जागेवर होते दोन पुरुष, मार्क वॉरन आणि हेन्रिक स्टेन्सन. स्टेन्सन म्हणजे २०१६ ची ब्रिटनमधली ओपन स्पर्धा जिंकलेला, आणि वर या स्पर्धेचा यजमानही तोच. घरी जेवायला बोलावलेल्या पाहुणीने नऊ फटक्यांनी हरवलं.

दुसरी यजमान स्वीडनची दिग्गज गोल्फपटू आनिका सोरेनस्टाम. २००३ मध्ये अमेरिकेत कलोनियल या पुरुषांच्या स्पर्धेत ती खेळली होती, ७१ आणि ७४ मारून दोन दिवसांत बाहेर पडली. तिथे टी पुढे नव्हती. हाल्मस्टाडची तुलना लोक त्याच्याशी करतात तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं होतं. दोन्ही वेगळ्या परीक्षा आहेत. पण नऊ म्हणजे नऊच.

या मुलीच्या घरात गोल्फ आजोबांपासून आहे. ते स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसचे, स्वतः व्यावसायिक गोल्फपटू, तिथून इथे येऊन स्थायिक झालेले. लिन ॲरिझोनाला शिकायला गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये व्यावसायिक झाली आणि २०२२ या एका वर्षात बायकांच्या युरोपीय टूरवर चार स्पर्धा जिंकली. मात्र त्याच काळात अमेरिकेचं दार तिला बंद होतं. कोविडची लस घेतल्याशिवाय परदेशी प्रवाशांना प्रवेश नव्हता, आणि तिने ती घेतलेली नव्हती. मे २०२३ मध्ये नियम उठला आणि जुलैत ओहायोला डाना ओपन तिने जिंकली, तिसऱ्या दिवशी ६२ मारून. त्या बंद दाराबद्दल मी तेव्हा तिच्यावर चिडले होते. एवढं चांगलं खेळणारीने सव्वा वर्ष घालवावं? आता वाटतं, आपल्याला काय पडलंय. तिचं आयुष्य.

आज सोडरबर्गबरोबर चालताना पहिले काही होल आरामात गेले. नंतर त्याचा एकेक फटका गळायला लागला आणि आजूबाजूचे लोक बोलायचेच थांबले. स्वीडिश गर्दी तशी मूळची अबोल, त्यात ही शांतता म्हणजे अंत्ययात्रेतली. मध्येच कोणाच्या तरी फोनवर दिसलं, लिन ६५ मारून आत गेली, एकूण उणे १७, म्हणजे पारपेक्षा १७ कमी. हिशेब केला तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

अठराव्या होलवर येताना तो एका फटक्याने पुढे होता. पार केला असता तरी जिंकला असता. बोगीचा, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्तीचा, पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका) गेला असता तर बरोबरी आणि प्लेऑफ, म्हणजे जादा होल. तोही गेला नाही. डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन जास्त, दिवसाचे ७७, उणे १६. कॅलम हिल या खेळाडूबरोबर दुसरा.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणाला कळेना. जिंकलेली बाई ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, नव्हतीच. माझ्या बाजूचे एक आजोबा टोपी काढून नुसते उभे राहिले, मग खूप वेळाने गावची पोरगी जिंकली हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम हसायला लागले.

तर लिन ग्रांटच्या आजच्या ६५ फटक्यांपैकी मी बरोबर एक पाहिला. पहिला. उद्या ऑफिसात कोणी विचारलं तर सांगणार, हो, होते ना तिथेच.