प्रोसेसर ०.७८ वर अडकला होता

मी आयटी सपोर्टला आहे. परवा एडिटिंग टीमच्या मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या, म्हणाल्या अरे दोन दिवस झाले, साधा एक्सपोर्ट पण संपत नाहीये, सगळे म्हणतायत फॉरमॅट मार, तू बघ ना एकदा. डेडलाइन डोक्यावर होती, चेहरा पार उतरलेला.

टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू (प्रोसेसर) १००% आणि स्पीड फक्त ०.७८ गिगाहर्ट्झ. एक्सपोर्ट चालू असतानाही तेवढाच, हलायला तयार नाही. पहिला संशय उष्णतेवर, पण एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ४६ अंश, पंखा पण शांत. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाकून बघितला, काडीचाही फरक नाही.

मग थ्रॉटलस्टॉप लावलं, प्रोसेसर का हळू चालतोय ते बघायचं सॉफ्टवेअर. यातली लिमिट्सची खिडकी मला फार आवडते कारण प्रोसेसरला कोण अडवतंय ते ती सरळ दाखवते, पीएल१ आणि पीएल२ म्हणजे वॅटची मर्यादा, थर्मल म्हणजे उष्णता, आणि चौकोन लाल असेल तर आत्ता अडवतंय, पिवळा असेल तर मघाशी अडवून गेलंय. इथे प्रॉकहॉट लालभडक! हा सिग्नल खरं तर प्रोसेसर तापला की येतो, पण तो दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणजे बोर्डावरचा दुसरा कुठलाही भाग तीच तार ओढून प्रोसेसरला हळू चाल म्हणून सांगू शकतो. ४६ अंशाला प्रोसेसर स्वतः कशाला ओरडेल? मग लक्ष गेलं बॅटरीकडे, ६१%, प्लग लावलेला पण चार्जिंग नाही.

अडॅप्टर उपटला आणि स्पीड त्याच क्षणी ३ च्या वर! मॅडम जवळजवळ ओरडल्याच. पिन उजेडात धरून बघितली तर मधली बारीक सुई वाकलेली. या लॅपटॉपला अडॅप्टर किती वॅटचा आहे ते त्या सुईतूनच कळतं, ते नाही कळलं की तो सावध होऊन सगळं हळू करतो.

शेजारचा म्हणाला थ्रॉटलस्टॉपमधली बीडी प्रॉकहॉटची टिक काढून टाक ना, म्हणजे बाहेरून येणारा तो सिग्नल प्रोसेसर ऐकणारच नाही, मिनिटाचं काम. मी नाही काढली. ती टिक काढली की खरंच बोर्ड तापला तरी प्रोसेसरला कळणार नाही, आणि दुसऱ्याच्या मशीनवर असला खेळ मी करत नाही. स्टोअरमधून तेवढ्याच वॅटचा अडॅप्टर काढून दिला, एक्सपोर्ट संध्याकाळच्या आत झाला.

जुन्या अडॅप्टरवर लाल टेप गुंडाळून 'खराब' लिहून ठेवलंय, नाहीतर लाइट लागतोय म्हणून कोणीतरी परत लावणारच.