टायगर शार्कच्या पाण्यात कुणाला न्यायचं

फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात काकांनी लिहिलं होतं, ‘स्कूबा – मालवण’. मी स्वतः मालवणचा, त्यामुळे या दोन शब्दांत काय काय येतं ते मला नीट ठाऊक आहे. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात एक मुलगा मागून तुमचं सिलेंडर धरून असतो. खाली तोच नेतो, कानाला दडा बसला की तोच थांबवतो, फोटो काढतो आणि सुखरूप वर आणून सोडतो. समुद्राच्या आत पहिल्यांदा डोकावायचं तर ही उत्तम सोय आहे, आमच्या गावच्या कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण आम्ही होतो फुवामुलाह बेटावर, मालदीवच्या पार दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे, जिथे मी डाइव्ह गाइड आहे. आणि काकांना दुसऱ्या दिवशी सकाळी टायगर शार्कच्या पाण्यात उतरायचं होतं.

काका पुण्याचे, पन्नाशी ओलांडलेले, रोज तलावावर जाणारे. सोबत त्यांची मुलगी. तिने अंदमानात अॅडव्हान्स्ड कोर्स केला होता, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटालाही डाइव्ह केले होते, लॉगबुकातल्या, म्हणजे डाइव्हच्या वहीतल्या नोंदी चोख होत्या. ट्रिप ठरवून देणाऱ्याने मात्र दोघांच्याही नावापुढे ‘सर्टिफाइड’ लिहून पाठवलं होतं. असे फॉर्म आमच्याकडे सतत येतात, म्हणून आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकाशी समोर बसून बोलतो.

‘किती खोल असतं तिथे?’ काकांनी विचारलं.

‘सात ते दहा मीटर.’

‘मग त्यात काय एवढं? आमच्या डायव्हिंगच्या टाकीची खोली पाच मीटर आहे, मी तळाला हात लावून येतो.’

या जागेची अडचण हीच आहे. आकडा लहान दिसतो, म्हणून सोपं वाटतं. मी म्हटलं, ‘काका, तुम्ही माझ्यापेक्षा चांगले पोहत असाल. पण तिथे पोहायचं नसतंच. तळाशी बसून हलायचं नाही, वर तरंगायचं नाही, हात हलवायचे नाहीत, आणि एवढं सगळं सांभाळून मागेही बघत राहायचं. तिथे तुमचं सिलेंडर धरायला कुणी नसेल. तुम्हाला मी नेणार नाही.’

ते चिडले. एवढे पैसे भरून आलोय, मुलीला एकटीला कशी पाठवू, मी शेजारी राहीन, असं बरंच बोलले. मुलगी गप्प होती. शेवटी, बोटीवर यायचं आणि वरूनच बघायचं, एवढ्यावर ठरलं.

इथे हे शार्क आले कसे, ते सांगायला हवं. बंदरात मासे साफ करणारे लोक टूनाची डोकी आणि आतडी वर्षानुवर्षं पाण्यात टाकत आले. त्या वासाने टायगर शार्क बंदराच्या तोंडाशी येऊ लागले. मालदीवने 2010 साली शार्कची मासेमारी बंद केली, त्यामुळे ते टिकले. अंगावरचे पट्टे आणि पाठीच्या पंखावरच्या खाचा बघून अभ्यासकांनी या एका बेटाभोवती दोनशेहून जास्त वेगवेगळे टायगर शार्क ओळखले आहेत. त्यांत माद्या जास्त आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गाभण. इथले स्थानिक गाइड त्यांना नावाने ओळखतात. बाराही महिने, अगदी बंदराला लागून, एवढ्या उथळ पाण्यात टायगर शार्क दिसण्याची दुसरी जागा मला माहीत नाही. डाइव्हच्या वेळी आम्हीही टूनाची डोकी दगडाखाली ठेवतो. न खाऊ घालता दिसणारा शार्क मला केव्हाही जास्त आवडतो, आणि हे मी पाहुण्यांपासून लपवत नाही.

सकाळी धोणी, म्हणजे इथली बोट, बंदराबाहेर पडली की काही मिनिटांतच जागा येते. पाण्यात आम्ही सहाजण, त्यांत दोन गाइड, एक मी आणि दुसरा इथलाच. सगळ्यांच्या हातात काळे मोजे, कारण उघडा पंजा पाण्यात पांढरा चमकतो आणि शार्कची नजर तिथे जाते. पायाला लावायच्या पिवळ्या फिन्स आदल्या दिवशीच बदलून दिल्या होत्या. उडी मारल्यावर वर रेंगाळायचं नाही, सरळ तळ गाठायचा. मेलेल्या पोवळ्यांच्या खडीवर, दगडांच्या ओळीमागे सगळे गुडघे टेकून बसलो. मुलीला मी माझ्या डाव्या हाताला घेतलं.

पहिली मादी डावीकडूनच आली. निळ्या पाण्यात एक जागा आधी थोडी गडद होते, तिला आकार येत जातो, आणि मग ते रुंद, बोथट तोंड दिसतं. चार मीटरला थोडीच कमी असेल. घाई कसली ती नाही. पोटाला चिकटमासे लोंबत होते. पाठीवरचे पट्टे वयाबरोबर फिकटलेले, शेपटीकडे मात्र स्पष्ट. एक फेरी मारून ती लांब गेली, वळली, आणि सरळ मुलीच्या कॅमेऱ्याकडे निघाली.

त्याला कारण आहे. शार्कच्या तोंडावर बारीक छिद्रं असतात, त्यांनी त्याला पाण्यातली अगदी क्षीण वीजही जाणवते. धातूची वस्तू आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश त्याला ओढून घेतात. ब्रीफिंगमध्ये मी सांगून ठेवलं होतं, कॅमेरा पुढे धरायचा, डोळ्याला डोळा भिडवायचा, मागे सरकायचं नाही. मुलीने तसंच केलं, तिचा हात जरासुद्धा हलला नाही. मी मादीच्या कपाळावर तळवा टेकवला आणि तिला बाजूला वळवलं. ढकलावं लागत नाही, नुसता दाब दिला की ती स्वतः वळते. तिचा डोळा माझ्या मास्कपासून वीतभर अंतरावरून गेला, काळाभोर, गोल, नीट बघणारा. हे काम मी रोज करतो, तरी त्या क्षणी माझा श्वास लांबतो.

त्याच वेळी उजवीकडे गडबड झाली. आमच्यातला एक परदेशी पाहुणा, भरपूर डाइव्ह केलेला माणूस, वर जायला लागला. नवा जाड वेटसूट घातला होता, त्यामुळे वजन कमी पडत होतं. सिलेंडर रिकामं होत गेलं तसं ते आणखी हलकं झालं आणि तो तळापासून दोन-तीन मीटर वर तरंगायला लागला. हात पसरून तो तोल सांभाळायला बघत होता. लांब फिरणाऱ्या दोन माद्यांनी तिथल्या तिथे वाट बदलली आणि त्याच्याकडे वळल्या. हल्ला नव्हता तो. मधल्या पाण्यात काहीतरी धडपडतंय म्हटल्यावर कुठलाही शार्क बघायला येणारच. माझ्या जोडीदाराने त्याची फिन धरून त्याला खाली ओढलं, बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटच्या खिशात दगड कोंबला आणि स्वतःच्या हातातला काठीसारखा पाइप आडवा धरून मध्ये उभा राहिला. माद्या जवळून निघून गेल्या. हे सगळं व्हायला मिनिटभरही लागलं नसेल.

माझ्या मनात एकच विचार होता. काका खाली असते तर ते असेच तरंगले असते, मी त्यांच्याकडे धावलो असतो, आणि कॅमेऱ्याकडे येणाऱ्या मादीसमोर ही मुलगी एकटी राहिली असती.

बोटीवर चढल्या चढल्या तिने हे सगळं बापाला सांगितलं आणि म्हणाली, ‘बाबा, तू खाली नव्हतास तेच बरं झालं.’ काकांचा राग तोवर निवळला होता. स्वच्छ पाण्यात बोटीच्या अगदी खालून जाणारी मादी त्यांनी वाकून पाहिली होती, पट्ट्यांसकट.

संध्याकाळी ते स्वतःच माझ्याकडे आले. ‘मग माझ्यासारख्याने कुठे जायचं ते सांग.’ हा प्रश्न लोक तिकिटं काढून झाल्यावर विचारतात, त्याचं मला वाईट वाटतं. आधी आपलं लॉगबुक बघावं, मग महिना, मग तिथले लोक शार्कशी कसे वागतात ते. कुठला शार्क बघायचा ते शेवटी ठरवावं. आणि जुन्या याद्यांवर विसंबू नये. ग्रेट व्हाइटसाठी लोक मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर जायचे, तिथलं शार्क पर्यटन 2023 मध्ये बंद झालं. दक्षिण आफ्रिकेच्या गान्सबाईला 2017 पासून ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, शार्कची शिकार करू लागले आणि ग्रेट व्हाइट तिथून पांगले. मुलीच्या यादीत ही दोन्ही नावं होती.

काकांनी फोनवर फिलिपिन्समधल्या ओस्लोबचा व्हिडिओ दाखवला. रोज सकाळी व्हेल शार्क हमखास, पोहता आलं नाही तरी चालतं. तिथे मी कुणालाही पाठवत नाही. बोटीतून कोळंबी भरवून ते मासे थांबवून ठेवलेले असतात. बोट म्हणजे खाणं हे एकदा शिकलेला मासा दुसऱ्या किनाऱ्यावर बोटीच्या पंख्याजवळ जातो. ‘पण गुजरातलाही येतात ना व्हेल शार्क?’ काकांनी विचारलं. येतात. 2001 पासून त्यांना आपल्याकडे कायद्याचं संरक्षण आहे, आणि वेरावळकडचे कोळी जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क स्वतःचं जाळं कापून सोडतात. पण पर्यटकांनी त्यांच्याबरोबर पोहण्याची सोय तिकडे नाही.

काकांसाठी उत्तर मालदीवमध्येच होतं. दक्षिण आरी अटोल या प्रवाळबेटांच्या कड्यातल्या धिगुराहला व्हेल शार्क बाराही महिने असतात, बहुतेक वयात न आलेले नर. खाणं टाकत नाहीत, अंगाला हात लावायचा नाही, शरीरापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं. सिलेंडर लागत नाही, मास्क आणि फिन्स पुरेत. रोज तलावावर जाणाऱ्या माणसाला याहून योग्य पाणी नाही. दिसतीलच याची हमी नाही, हेही मी सांगितलं. मुलीने लागोपाठ डाइव्ह केले होते, त्यामुळे विमानात बसण्याआधी अठरा तास जायला हवे होते. म्हणून दुसऱ्या दिवशीची तिची डाइव्ह रद्द केली आणि संध्याकाळचं विमान धरलं.

तिला फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाला जायचंय. तिथे दक्षिणेच्या खिंडीत सातशेच्या आसपास ग्रे रीफ शार्क जमतात. जरूर जावं, पण पाण्याची ओढ तिथे फार. मी तिला म्हटलं, आधी मालदीवमध्येच, हुवाधूच्या किंवा वावूच्या खिंडींत, ड्रिफ्ट डाइव्ह, म्हणजे ओढीबरोबर वाहत जायची डाइव्ह कर, ग्रे शार्क तिथेही भेटतील. ओढीच्या पाण्यात दगडाला हुक लावून शांत राहता आलं की मग पॉलिनेशियाचं तिकीट काढ.

काकांचा फोन धिगुराहहून आला. पहिल्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी पाचेक मीटरचा एक व्हेल शार्क, आणि त्याच्या बाजूने ते दमेपर्यंत पोहले. आता त्यांना ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स करायचाय, अंदमानात. मी विचारलं तेव्हा कळलं, ते रक्तदाबाची गोळी घेतात. म्हटलं, फी भरण्याआधी डॉक्टरांकडून डाइव्हिंगला हरकत नाही असं पत्र घ्या, आणि या वेळी फॉर्म तुम्ही स्वतः भरा.