एकच सामना

संघनिवडीची यादी लागली. माझं नाव नाही. दादाचा फोन आला, मी नीट बोलले. आईला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळपासून डोक्यात जिमी स्पीर्स आहे, जुना स्कॉटिश फुटबॉलपटू. ग्लासगोचा, जन्म १८८६. आधी रेंजर्स, मग क्लाइड हे तिथले क्लब, १९०९ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्ड सिटी क्लबकडे. स्कॉटलंडकडून सामने किती? एक. १९०८, वेल्सविरुद्ध. तोही जिंकलेला, २-१. पुन्हा बोलावणं आलंच नाही.

सुमार खेळाडू असता तर समजू शकले असते. पण १९११ च्या एफए कपात, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या बाद फेरीच्या स्पर्धेत, हाच ब्रॅडफर्डचा कप्तान. न्यूकॅसलशी क्रिस्टल पॅलेसवर अंतिम सामना गोलशून्य सुटला. चार दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा खेळले आणि स्पीर्सच्या हेडरवर १-० ने जिंकले. कप त्या वर्षी नवा घडवला होता, तोही ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी पेढीने. त्याच्यावर पहिला हक्क या माणसाने मिळवून दिला. संघात आठ जण स्कॉटिश होते! एवढं झाल्यावरही निवडणाऱ्यांना तो दिसला नाही? अजून काय करायचं असतं माणसाने? आणि मी तरी आणखी काय करायला हवं होतं...

राहू दे.

नंतर त्याचं पुढचं वाचलं. कप जिंकल्यावर पुढच्याच वर्षी तो लीड्स सिटीत गेला, दुसऱ्या विभागात. तिथला व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने नेलं. तिथेही गोल करत राहिला. बोलावणं नाही म्हणून त्याचा खेळ आटला नाही. हे वाचताना मला पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. शनिवार आला की मैदानात उतरायचं, एवढं त्याच्या हातात होतं आणि तेवढं त्याने केलं.

१९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, मात्र तो आपणहून सैन्यात गेला. बायको होती, दोन लेकरं होती, सक्तीची भरती अजून सुरूही झाली नव्हती. कॅमेरॉन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीत सार्जंट झाला, शौर्यासाठीचं मिलिटरी मेडल मिळालं, ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पाशेंडेलच्या लढाईत मारला गेला. एकतिसाव्या वर्षी. त्या बाईचं काय झालं असेल, यावर आज लिहवत नाही.

पण तो एक सामना. अजूनही मला तो कमीच वाटतो, आणि बहुतेक वाटतच राहील. आईला उद्या सकाळी सांगेन. सरावाला मात्र जाणार, साडेसहाला.