संत्र्याच्या रसाला दवाखान्याचा वास

बाटली फुगलेली नव्हती. झाकण फिरवताना गॅस सुटल्याचा आवाज आला नाही, रस फाटला नव्हता, वर बुरशीचा तवंगही नव्हता. संत्र्याचा रस बिघडला तर बहुतेक वेळा तो यीस्टमुळे बिघडतो. यीस्ट गॅस तयार करतं, बाटली ताठ होते आणि बिघाड उघडण्याआधीच कळतो. इथे तसलं काहीच नव्हतं. धरमपेठेतल्या एका दुकानदाराने गिऱ्हाइकांनी परत आणलेली ती बाटली आमच्या विक्रीच्या माणसाजवळ दिली होती. पॅकिंगच्या ताईंनी ती नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली. "मॅडम, याले तं दवाखान्याचा वास येऊन राहिला."

मी नागपूरजवळच्या एका संत्रा प्रक्रिया कारखान्याची सूक्ष्मजीव प्रयोगशाळा सांभाळते. एप्रिल संपत आला होता. मृग बहराची शेवटची फळं काटोल-नरखेडकडून येत होती. एका बाजूला रस आटवून कॉन्सन्ट्रेट करणं सुरू होतं, तर दुसऱ्या बाजूला आधीच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी मिसळून उन्हाळ्याच्या विक्रीसाठी बाटल्या भरल्या जात होत्या. बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढे होता.

त्या बाटलीच्या बॅचचा रिपोर्ट मी काढला. एकूण जिवाणू, यीस्ट, बुरशी, कोलिफॉर्म, सगळं मर्यादेच्या आत होतं. उत्पादनाचे साहेब म्हणाले, "कडवटपणा असेल. आपल्या संत्र्याचा रस ठेवला की कडू होतोच." त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही तासांत त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं आणि ताजा गोड रस कडवट लागू लागतो, हे इथल्या प्रत्येक रसवाल्याला माहीत आहे. पण कडूपणा जिभेवर कळतो. हे नाकातच कळत होतं, घोट घेण्याच्याही आधी. दुसरी शंका टाक्या धुण्याच्या रसायनांची होती. तसं असतं तर त्या बॅचच्या सगळ्या बाटल्यांना वास आला असता. राखून ठेवलेल्या नमुन्यांच्या बाटल्या मी उघडल्या, आणि त्या चांगल्या निघाल्या.

तो वास मला ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते आठवेना. प्रयोगशाळेतल्या कपाटासमोर उभी राहिल्यावर आठवलं. हिवाळ्यात आमच्याकडे मटार गोठवण्याचं काम चालतं. मटार नीट उकळले गेले की नाही हे पाहायला त्यांच्यावर ग्वायाकोल नावाचं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. एन्झाइम जिवंत राहिलं असेल तर दाणे विटकरी होतात. त्या ग्वायाकोलची बाटली कपाटातच होती. झाकण जेमतेम सैल केलं आणि तोच धुरकट, औषधी वास आला.

रसात ग्वायाकोल कोणी टाकत नाही. ते एक जिवाणू तयार करतो, आणि त्याचं नाव आहे अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस. 1982 साली जर्मनीत सफरचंदाच्या रसात असाच बिघाड झाला, तेव्हा रसधंद्याला पहिल्यांदा त्याची दखल घ्यावी लागली. त्याआधी सगळ्यांचा भरवसा आंबटपणावर होता. रसाचा पीएच चारच्या खाली असतो, एवढ्या आम्लात भयंकर रोगजंतू वाढत नाहीत, आणि यीस्ट-बुरशी 90-95 अंशांवर काही सेकंदांत मरतात. म्हणून रसाला तेवढीच उष्णता देतात. पण या जिवाणूला आम्लच आवडतं, आणि त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातलं त्याचं निद्रिस्त रूप, तेवढ्या उष्णतेत मरत नाहीत. 95 अंशांवरसुद्धा त्यांची संख्या दहाव्या हिश्शावर यायला मिनिटं लागतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये साखर एवढी दाट असते की ते वाढू शकत नाहीत, पण कणगीतल्या बियाण्यासारखे टिकून राहतात. पाणी मिसळून रस पातळ केला आणि तो कोमट राहिला, की ते रुजतात.

कोमट म्हणजे नेमकं किती, तिथेच आमचा रिपोर्ट फसला होता. जिवाणू वाढवून मोजायच्या प्लेट आम्ही 37 अंशांवर, आम्ल नसलेल्या माध्यमावर ठेवत होतो, कारण आमच्याकडे ठरलेली पद्धत तीच होती. या जिवाणूला आंबट माध्यम आणि 45 अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. रिपोर्ट खोटा नव्हता, पण या जिवाणूचा शोध त्यात घेतलेलाच नव्हता.

मी गोडाऊनमध्ये गेले. पत्र्याचं छप्पर आणि दुपारचे दोन. भरलेल्या बाटल्यांच्या खोक्यांची थप्पी पॅलेटवर, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली. गोडाऊनच्या भाऊंना मी ते प्लास्टिक कापायला सांगितलं. "पूर्णच खोलू का मॅडम? पुन्हा लावाव लागंन." म्हटलं, लावू, मीही हात लावते. बाहेरच्या खोक्यातली एक बाटली आणि मधल्या खोक्यातली एक, अशा जोड्या आम्ही काढत गेलो. प्रत्येक बाटलीत थर्मामीटर बुडवला. बाहेरच्या बाटल्या गोडाऊनच्या हवेएवढ्या गरम होत्या. मधल्या त्याहून गरम निघाल्या, आणि तो माल भरून आठवडा उलटला होता.

मग ऑफिसातल्या चौघांना बोलावून प्रत्येकासमोर तीन ग्लास ठेवले. दोनात बाहेरच्या बाटलीचा रस, एकात मधल्या. वेगळा ग्लास कोणता ते फक्त वासावरून सांगायचं. चौघांनीही तोच ग्लास उचलला. इथे नाकासारखं उपकरण नाही. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम ग्वायाकोलही माणसाला जाणवतं. आमच्या साध्या रंगचाचणीला तेवढं सापडत नाही. राखीव नमुने चांगले का निघाले, त्याचाही उलगडा झाला. ते माझ्या वातानुकूलित खोलीत होते.

बाटल्या गरम रसाने भरतो, मग थंड पाण्याच्या फवाऱ्यांच्या बोगद्यातून त्या बाहेर येतात. त्या बोगद्यात वाकून पाहिलं तर निम्म्याहून जास्त नोझल क्षाराने बुजलेले. बाटली वरून गार लागायची, आतला रस गरमच असायचा. तशाच बाटल्या खोक्यात, खोकी थप्पीत, थप्पी प्लास्टिकमध्ये. भर उन्हाळ्यात त्या थप्पीच्या पोटातली उष्णता जाणार कुठे?

बिघाड कसा वाढला ते कळलं. आला कुठून, हा प्रश्न उरला. हे बीजाणू मातीतले. झाडावरून तोडलेल्या फळावर ते कमी असतात, जमिनीवरून वेचलेल्या गळीच्या फळावर जास्त. रसाला येणारा माल बारीक आणि स्वस्त, त्यात असं फळ असतंच. ते धुण्यासाठी तर ब्रशचं यंत्र आहे. म्हणून त्या यंत्राच्या पाण्यापासून सुरुवात केली आणि पाइपामागे चालत गेले. पाइप बाष्पीभवन यंत्राजवळच्या टाकीपर्यंत गेला.

रस आटवताना जी वाफ निघते, तिचं पाणी करून आम्ही फळं धुवायला वापरत होतो. पाणी वाचवण्यासाठी केलेली ही सोय मला स्वतःला फार आवडायची. टाकीवरचे ऑपरेटर काका म्हणाले, "हे तं सगळ्यात स्वच्छ पाणी हाय मॅडम, वाफेचं हाय." दिसायला ते काचेसारखं होतं. तापमान 47 अंश निघालं. वाफेबरोबर रसाचे थेंबही उडून येतात, त्यामुळे पाण्यात थोडी साखर, थोडं आम्ल, आणि ही ऊब, तीही चोवीस तास. फळं जितकी धुवावीत तितके बीजाणू फळांवर चढत होते.

त्या रात्री घरी जायच्या आधी मी टाकीचं पाणी, धुण्याआधीचं फळ, धुतल्यानंतरचं फळ, कॉन्सन्ट्रेट आणि मधल्या बाटलीतला रस, सगळ्यांचे नमुने घेतले. 80 अंशांवर दहा मिनिटं ठेवले, म्हणजे साधे जिवाणू मरतात आणि बीजाणू जागे होतात. मग आंबट माध्यमाच्या प्लेटवर पसरून इनक्युबेटर 45 अंशांवर लावला. काही दिवसांनी टाकीच्या पाण्याची प्लेट वसाहतींनी भरलेली होती. धुतलेल्या फळावर न धुतलेल्या फळापेक्षा जास्त बीजाणू मिळाले. त्या वसाहती व्हॅनिलिक अ‍ॅसिड घातलेल्या माध्यमात वाढवल्या (हा जिवाणू त्याच्यापासूनच ग्वायाकोल बनवतो), पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज हे एन्झाइम टाकलं, तर नळी तपकिरी झाली. मटारच्या चाचणीत ग्वायाकोल टाकून एन्झाइम शोधतात, इथे एन्झाइम टाकून ग्वायाकोल शोधलं.

पण प्लेट बोलण्याआधीच माल थांबवायचा होता. त्याच संध्याकाळी बैठक झाली आणि ती चांगलीच तापली. विक्रीचे साहेब विचारत होते, "यानं माणूस आजारी पडतो का?" नाही पडत, हे मी स्पष्ट सांगितलं. "मग उन्हाळ्यात माल का अडवायचा?" मी तो वेगळा ग्लास त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, घरी मुलांना द्याल का? ते काही बोलले नाहीत. व्यवस्थापकांनी ग्लास उचलला, वास घेतला, आणि त्या काळात भरलेला सगळा माल रोखायला सांगितला. नुकसान मोठं होतं. तरीही तो निर्णय त्यांनी रिपोर्टची वाट न पाहता घेतला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

वाफेचं पाणी आता थंड करून फरशा आणि बाहेरचे क्रेट धुवायला जातं. फळाचा शेवटचा फवारा ताज्या, जंतुनाशक पेरॅसिटिक अ‍ॅसिड मिसळलेल्या पाण्याचा असतो. बोगद्याचे नोझल आठवड्याला काढून अ‍ॅसिडने साफ होतात. बाटलीच्या मधोमध तापमान मोजल्याशिवाय खोकं बंद होत नाही, आणि थप्पीत खोक्यांच्या मध्ये हवेला वाट सोडतात. कॉन्सन्ट्रेटच्या प्रत्येक बॅचची प्लेट 45 अंशांवरही लागते.

गळीच्या फळाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ते वेगळं उतरवायचं आणि रसात घ्यायचं नाही, असा आमचा आग्रह आहे. शेतकऱ्याला त्या फळाचे जे चार पैसे मिळतात, ते मग कोण देणार, असं अडते विचारतात. गळीच्या फळाची साल तेल काढायला घेता येईल का, याचा हिशेब सध्या व्यवस्थापकांच्या टेबलावर आहे.